इम्युनिटी बूस्टरा, हिशेब दे

प्रति,
इम्युनिटी बूस्टर,
मुक्काम : औषधाच्या दुकानाचं काउंटर,
वाडीभोकर रोड, देवपूर, धुळे.

बूस्टरा,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायची आपल्याकडे रीत आहे. ती मी आज मोडतो आहे, कारण तुझ्याबद्दल मनात आदर नाही आणि नसलेला आदर कागदावर आणणं मला जमत नाही. तू 2020 च्या उन्हाळ्यात आमच्या गल्ल्यांत शिरलास, तो अजून बाहेर पडलेला नाहीस. तेव्हा करोनाच्या नावावर खपलास. आता डेंगूच्या दिवसांत डेंगूच्या नावावर खपतोस आणि फ्लूची साथ आली की फ्लूच्या. पाकिटावर ढाल छापलेली असते. त्या ढालीच्या भरवशावर आमच्या माणसांनी काय काय गमावलं, त्याचा हिशेब मागायला हे पत्र लिहितो आहे.

आधी तुझी ओळख नीट सांगतो, म्हणजे वाचणाऱ्यांचा घोटाळा होणार नाही. माझी तक्रार जीवनसत्त्वांवर नाही. अ, क आणि ड ही जीवनसत्त्वं आणि जस्त यांच्यावाचून माणूस जगू शकत नाही. ज्याच्या अंगात ती कमी आहेत, त्याला ती मिळालीच पाहिजेत. माझी तक्रार तुझ्यावर आहे, म्हणजे त्या दाव्यावर. अंगात विषाणूने थैमान घातलं असताना एक गोळी चघळली, एक पाकीट दुधात घोळलं, की फुप्फुसातली आग विझेल, हा तो दावा. तो खोटा निघाला आहे. त्याला आता काही वर्षं झाली. तरी तू काउंटरवर आहेस.

पहिला आरोप : तू आकडा उलटा वाचलास.

करोनाचा गंभीर रुग्ण दवाखान्यात आला की त्याच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी सापडायचं. ही गोष्ट खरी होती आणि जगभर दिसत होती. आपल्या देशात कानपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी 154 जणांचा अभ्यास 2020 मध्ये छापला. त्यात 91 जण लक्षणं नसलेले होते आणि 63 जण अतिदक्षता विभागातले. पहिल्या गटात ड जीवनसत्त्वाची सरासरी मिलिलिटरला 27.9 नॅनोग्रॅम होती, दुसऱ्या गटात 14.4. ज्यांचं ड कमी, त्यांच्या रक्तात इंटरल्यूकिन-6 आणि फेरिटिन जास्त. या दोन्ही दाहाच्या खुणा. तू एवढंच उचललंस आणि गावभर सांगत सुटलास की ड कमी म्हणून दाह वाढला आणि दाह वाढला म्हणून माणूस गेला, तेव्हा ड घ्या आणि वाचा.

आता शरीरात काय होतं ते ऐक. विषाणू फुप्फुसात शिरला की शरीर त्याच्याशी लढायला पेशी पाठवतं. त्या पेशी एकमेकींना रासायनिक निरोप देतात, आणि इंटरल्यूकिन-6 हा त्यातलाच एक. तो यकृताला पोचला की यकृत आपलं रोजचं काम बाजूला ठेवतं आणि दाहाच्या काळात लागणारी प्रथिनं भराभर बनवायला घेतं. सीआरपी हे त्यातलं एक. काही प्रथिनं मात्र याच काळात घटतात. अल्ब्युमिन घटतं. अ जीवनसत्त्व वाहून नेणारं प्रथिन घटतं. ड जीवनसत्त्व रक्तातून वाहून नेणारं प्रथिनही खाली येतं. दाहाने केशवाहिन्यांच्या भिंती सैल होतात आणि रक्तातला काही ऐवज बाहेर झिरपतो. पांढऱ्या पेशी क जीवनसत्त्व झपाट्याने वापरून टाकतात. त्यामुळे आजारी माणसाच्या रक्तात अ, क आणि ड तिन्ही कमी दिसतात. आदल्या आठवड्यात ती पुरेशी असली तरीही.

आग विझवताना वाड्यातला हौद रिकामा होतो. दुसऱ्या दिवशी तो रिकामा हौद दाखवून कुणी म्हणालं की हौदात पाणी नव्हतं म्हणूनच आग लागली, तर वाड्यातलं पोरही ते मान्य करणार नाही. तू आम्हाला नेमकं हेच पटवलंस.

हे पारखून बघायची एक साधी सोय होती, आणि ती करोनाच्या आधीच वापरून झाली होती. गुडघा किंवा खुबा बदलायला स्वतःच्या पायांनी दवाखान्यात आलेल्या 30 जणांचं रक्त ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधी आणि नंतर 48 तासांनी तपासलं. तो अभ्यास 2013 मध्ये छापून आला. या माणसांना विषाणूची लागण नव्हती आणि कुपोषणही नव्हतं. फक्त शस्त्रक्रियेची जखम होती. सीआरपी सरासरी 5 वरून 116 वर गेला, आणि ड जीवनसत्त्व लिटरला सरासरी 56 नॅनोमोलवरून 46 वर आलं. अनेक प्रयोगशाळा 50 च्या खाली कमतरता धरतात. म्हणजे दोन दिवसांपूर्वी ज्या गटाची सरासरी पुरेशी होती, तीच दोन दिवसांनी कमतरतेच्या रकान्यात गेली. त्या दोन दिवसांत कुणी ऊन सोडलं नव्हतं की दूध. दाहाने आकडा खाली खेचला होता.

हे 2013 पासून छापील होतं. 2020 मध्ये तापाने फणफणलेल्या माणसाच्या हातात ड चा रिपोर्ट आणि त्याखाली लाल शाईतला आकडा देताना तुझ्या बाजूच्या एकानेही हे सांगितलं नाही. आजाराने आणलेली घट तू आजाराचं कारण म्हणून विकलीस.

याचा अर्थ आधीची कमतरता निरुपद्रवी असते, असं मी म्हणत नाही. म्हातारा, स्थूल, मधुमेही, महिनोन्‌महिने घराबाहेर न पडलेला माणूस करोनात जास्त खचतो, आणि अशाच माणसाचं ड बहुतेक वेळा आधीपासून कमी असतं. तीच त्याची अशक्तता दोन्हीकडे दिसते. म्हणूनच रिपोर्टांवरून कारण ठरवता येत नाही. ते ठरवायचं असेल तर एका गटाला औषध आणि दुसऱ्या गटाला तसंच दिसणारं निरुपयोगी पाणी द्यावं लागतं, कुणाला काय मिळालं हे झाकून ठेवावं लागतं आणि शेवटी मोजावं लागतं.

दुसरा आरोप : मोजणी झाली, तू हरलास, आणि गप्प राहिलास.

ब्राझीलमध्ये साओ पावलोच्या रुग्णालयांत मध्यम ते गंभीर करोनाच्या 240 रुग्णांवर हे करून पाहिलं गेलं. निकाल फेब्रुवारी 2021 मध्ये आला. एका गटाला ड जीवनसत्त्वाचे 2 लाख युनिट एकदम दिले होते, दुसऱ्याला नुसतं तेल. औषध घेतलेल्यांच्या रक्तातलं ड सरासरी मिलिलिटरला 44 नॅनोग्रॅमपर्यंत चढलं, दुसऱ्या गटाचं 20 च्या आसपास राहिलं. रिपोर्टवरचा लाल रंग गेला. पण दवाखान्यातल्या मुक्कामाचा मध्यक दोन्ही गटांत 7 दिवसांचाच राहिला. मृत्यूंत फरक पडला नाही, आणि व्हेंटिलेटर लागणाऱ्यांच्या संख्येतही नाही. आकडा सुधारला आणि माणूस होता तिथेच राहिला.

उपचारापेक्षा प्रतिबंधाला उपयोग होईल, असं तू मग म्हणालास. तेही मोजलं गेलं. ब्रिटनमध्ये 6,200 लोकांपैकी अर्ध्यांना ड ची तपासणी देऊ केली आणि ज्यांचं ड कमी निघालं, त्यांना रोज गोळी. नॉर्वेत 34 हजारांहून जास्त लोकांपैकी अर्ध्यांनी हिवाळाभर कॉड माशाच्या यकृताचं तेल घेतलं. दोन्ही निकाल सप्टेंबर 2022 मध्ये आले. करोना कमी झाला नाही, श्वसनाचे इतर आजारही नाहीत.

तुझ्या बाजूचे पुरावेही मी दडवत नाही. स्पेनमधल्या कोर्दोबाच्या एका रुग्णालयात 76 रुग्णांवर प्रयोग झाला. त्यात ड चा एक प्रकार घेतलेल्या 50 पैकी एकच जण अतिदक्षता विभागात गेला, आणि न घेतलेल्या 26 पैकी 13. हा आकडा तू जगभर फिरवलास. प्रयोग लहान होता आणि कुणाला काय मिळतंय हे झाकलेलं नव्हतं. बार्सिलोनातला त्याच धर्तीचा मोठा अभ्यास तपासणीत अडकला आणि फेब्रुवारी 2021 मध्ये लॅन्सेटच्या प्राथमिक निबंधांच्या यादीतून काढून टाकावा लागला. ती बातमी तू फिरवली नाहीस. आपल्या चंदीगडच्या पीजीआयमध्ये सौम्य किंवा लक्षणं नसलेल्या 40 जणांपैकी 16 जणांना सात दिवस रोज 60 हजार युनिट दिले गेले. चाचणी लवकर निगेटिव्ह आली आणि फायब्रिनोजेन ही दाहाची एक खूण घटली. पण सीआरपी, फेरिटिन आणि डी-डायमर या इतर खुणांत दोन गटांत फरक पडला नाही. इतक्या कमी लोकांच्या प्रयोगावरून पुढे मोठा प्रयोग करायचा असतो. तू त्यावरून दुकान मांडलंस.

क जीवनसत्त्वाची तीच गत. अमेरिकेत घरीच असलेल्या 214 करोना रुग्णांना क चा रोज 8,000 मिलिग्रॅमचा भारी डोस, जस्त किंवा दोन्ही देऊन पाहिली. काही हाती लागणार नाही हे दिसल्यावर प्रयोग आधीच थांबवला. त्याहून गंभीर गोष्ट 2022 मध्ये कळली. जंतुसंसर्गाने अवयव निकामी होत असलेल्या 872 रुग्णांना शिरेतून क देऊन पाहिलं. मृत्यू किंवा अवयवांचं न सावरलेलं निकामीपण हे क घेतलेल्यांत 44.5 टक्के आणि न घेतलेल्यांत 38.5 टक्के निघालं. ‘घेतलं तर बिघडतंय काय’ हे तुझं लाडकं वाक्य इथे संपलं. करोनाच्या दवाखान्यातल्या रुग्णांवरचा मोठा प्रयोगही पुढे थांबवावा लागला, कारण फायद्याऐवजी तोट्याकडेच कल दिसत होता.

आपल्याकडे केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने मे 2021 च्या अखेरीस सौम्य आणि लक्षणं नसलेल्या रुग्णांच्या औषधांच्या यादीतून जस्त आणि मल्टिव्हिटॅमिन काढून टाकली. ही बातमी दुकानाच्या पाटीवर कधी लागली नाही. चिठ्ठीवर तू तसाच राहिलास, सर्वांत वर, ठळक अक्षरांत.

तिसरा आरोप, आणि मला सर्वांत जास्त बोचणारा : तू वेळ खाल्लास.

करोनात माणूस पहिल्या दिवशी मरत नव्हता. ताप आणि अंगदुखीत पहिला आठवडा जायचा, आणि दुसऱ्या आठवड्याच्या तोंडाशी काहींच्या फुप्फुसात दाह पेटायचा. ऑक्सिजन हळूहळू उतरायचा. कधी धाप लागायच्या आधीच तो 90 च्या खाली गेलेला असायचा. त्या एक-दोन दिवसांत रुग्ण दवाखान्यात पोचला तर हातात काही असायचं. त्याच दिवसांत आमच्या घराघरांत काय ऐकू येत होतं ते मला आठवतं. ‘गोळ्या चालू आहेत.’ ‘ताकदीचं पाकीट आणलंय.’ ‘दोन दिवस बघू.’ देवपुरातून पांझरेचा पूल ओलांडून चक्करबर्डीला, म्हणजे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पोचायला फार वेळ लागत नाही. वेळ घरातून निघायलाच लागत होता, आणि निघू न देणाऱ्या कारणांत तू होतास. भीती होती, पैशांची चणचण होती, दवाखान्यांबद्दलचा अविश्वास होता. त्या सगळ्यांना तू ‘घरीच उपाय चालू आहे’ असं समाधान पुरवलंस.

अविश्वासाला कारणही होतं, ते मी नाकारत नाही. जून 2020 मध्ये शेजारच्या जळगाव जिल्ह्यात करोनाचा मृत्युदर 12 टक्क्यांच्या आसपास गेला होता, तेव्हा देशाचा दर 3 टक्क्यांच्या आसपास होता. त्याच महिन्यात जळगावच्या शासकीय रुग्णालयात बेपत्ता झालेल्या 82 वर्षांच्या महिला रुग्णाचा मृतदेह रुग्णालयाच्याच स्वच्छतागृहात सापडला, आणि अधिष्ठात्यांवर निलंबनाची कारवाई झाली. त्या वॉर्डाला माणसं हवी होती. दर तासाला खाटेपाशी जाऊन ऑक्सिजन बघणारी परिचारिका हवी होती, रुग्णाचा हात धरून त्याला स्वच्छतागृहापर्यंत नेणारा कर्मचारी हवा होता. सगळ्या खानदेशाने तेव्हा हे एका आवाजात मागायला हवं होतं. आम्ही मात्र मेडिकलपुढे रांगा लावून क च्या गोळ्या संपवत होतो. लोकांचा राग आणि लोकांचा पैसा जिथे लागायला हवा होता तिथून तू तो वळवलास.

दाहावर उपाय नव्हता अशी तुझी सबब असेल तर तीही टिकत नाही. उपाय जून 2020 मध्येच सापडला होता. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ या मोठ्या प्रयोगात डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड रोज 6 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस दिलं गेलं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू 41.4 टक्क्यांवरून 29.3 टक्क्यांवर आले. ऑक्सिजनवर असलेल्यांतही ते घटले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र फायदा झाला नाही. म्हणजे दाह दाबायचं औषधही कुणाला द्यायचं, कधी आणि किती, याला नियम होते. पुढे ते नियम धाब्यावर बसले, साखर न तपासता स्टेरॉइड दिली गेली आणि काळ्या बुरशीने डोळे आणि जबडे नेले, हेही महाराष्ट्राने पाहिलं. नेमकेपणाने वापरलेलं दहा रुपयांचं औषध जीव वाचवतं आणि ढोबळपणे वापरलेलं जीव घेतं. तुला नेमकेपणाचं वावडं आहे. ‘सर्वांसाठी, रोज’ हेच तुझं ब्रीद.

आणि ऑक्सिजन. आपल्याच खानदेशातल्या नंदुरबारकडे बघ. साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे डॉ. राजेंद्र भारुड तिथे जिल्हाधिकारी होते. पहिल्या लाटेतच, सप्टेंबर 2020 मध्ये, त्यांनी जिल्हा रुग्णालयात हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा प्रकल्प उभा केला आणि त्यापुढे आणखी उभारले. एप्रिल 2021 मध्ये शहरं टँकरची वाट बघत होती तेव्हा राज्यातल्या सर्वांत मागास म्हणवल्या जाणाऱ्या त्या आदिवासी जिल्ह्याकडे स्वतःचा ऑक्सिजन होता. फुप्फुसात दाह पेटलेल्या माणसाला काय लागतं, याचं इतकं स्वच्छ उत्तर दुसरं नाही. तुझ्या पाकिटावरच्या ढालीतून त्याला श्वास मिळत नाही.

चौथा आरोप : तू निरुपद्रवी नाहीस.

तुझं ड चं पाकीट 60 हजार युनिटांचं असतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढ माणसाची रोजची गरज 600 युनिट धरली आहे. एका पाकिटात शंभर दिवसांची भरती झाली. डॉक्टर ते आठवड्याला एक, ठरावीक आठवडे, खरोखर कमतरता असलेल्या माणसाला देतात, तेव्हा ते औषध असतं. तू ते रोज घ्यायला लावलंस. नंतर चिठ्ठी न बघता महिनोन्‌महिने. ड हे चरबीत साठणारं जीवनसत्त्व आहे. जास्त झालं तर लघवीवाटे निघून जात नाही. रक्तातलं कॅल्शियम चढतं, तहान वाढते, मळमळ आणि बद्धकोष्ठ होतो, माणूस बरळायला लागतो आणि मूत्रपिंडं बिघडतात. ऑस्ट्रेलियात म्हाताऱ्या बायकांना वर्षाला एकदम 5 लाख युनिट दिले, त्या जास्त पडल्या आणि त्यांची हाडं जास्त मोडली. हा निकाल 2010 चा आहे. अति क ने काहींना मुतखडे होतात. उन्हाळ्यात पारा 44-45 वर जाणाऱ्या, घाम गाळणाऱ्या आमच्या मुलखात मुतखडा आधीच पाहुण्यासारखा घरोघरी असतो. त्याला तू आणखी बळ देतोस.

अमेरिकेच्या एन्डोक्राइन सोसायटीने 2024 मध्ये सांगितलं की धडधाकट प्रौढाने ड ची तपासणी सरसकट करू नये. पण तुझा धंदा तपासणीपासूनच सुरू होतो. आधी ‘फुल बॉडी’ पॅकेज, मग लाल आकडा आणि शेवटी तू.

पाचवा आरोप : तू जीवनसत्त्वांची पत घालवलीस.

विषाणूच्या गंभीर आजारात जीवनसत्त्वाने मुलांचे जीव वाचवले आहेत, आणि त्याचा पुरावा पक्का आहे. तो आजार गोवर. गोवरात अ जीवनसत्त्व झपाट्याने घटतं, डोळ्यांचं बुबुळ आणि फुप्फुसाचं अस्तर त्यावर अवलंबून असतं, आणि कुपोषित मुलाकडे शिल्लक नसतेच. केपटाऊनमध्ये गंभीर गोवराच्या 189 मुलांवर प्रयोग झाला. अ जीवनसत्त्व दिलेल्या 92 पैकी 2 मुलं दगावली, न दिलेल्या 97 पैकी 10. हा निकाल 1990 चा. त्याआधी 1986 मध्ये इंडोनेशियात आल्फ्रेड सॉमर यांनी 450 गावांत दाखवून दिलं होतं की अ जीवनसत्त्व दिलेल्या गावांत लहान मुलांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. म्हणून गोवर झालेल्या मुलाला लागोपाठ दोन दिवस अ चे डोस द्यावेत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वर्षावरच्या मुलाला दर डोसाला 2 लाख युनिट. 2022 च्या शेवटी मुंबईत गोवंडीत आणि आपल्या वाटेवरच्या मालेगावात गोवर पेटला, तेव्हा मुलांना हेच अ जीवनसत्त्व दिलं गेलं आणि उरलेल्यांना लस.

फरक बघ. एक विशिष्ट आजार आहे, एक विशिष्ट जीवनसत्त्व आहे, खरी कमतरता आहे, ठरलेली मात्रा आणि ठरलेले दिवस आहेत, आणि सोबत लस आहे. इतकी सगळी कलमं जुळतात तेव्हा जीवनसत्त्व औषध होतं. तू यातलं एकही कलम पाळत नाहीस आणि नाव मात्र त्याचंच लावतोस. 2025 मध्ये अमेरिकेतल्या टेक्ससमध्ये गोवर पसरला, तेव्हा तुझ्याच भाईबंदांनी लसीऐवजी अ जीवनसत्त्वाचा आणि कॉड तेलाचा गाजावाजा केला. लबक गावच्या दवाखान्यात गोवराच्या काही मुलांची यकृतं अ च्या अतिरेकाने बिघडलेली सापडली. औषध तेच होतं. तुझ्यासारख्यांच्या हाती पडलं आणि विष झालं.

हे मी तुला रागाने सांगतो आहे, कारण आमच्या जिल्ह्यातच दोन टोकं आहेत. देवपुरातल्या सुस्थितीतल्या घरात फ्रिजवर तुझी तीन-तीन पाकिटं असतात आणि ती घेणाऱ्याच्या ताटात दूध, डाळ, फळ सगळं असतं. इकडे साक्री-शिरपूरच्या डोंगरपट्ट्यात अशी मुलं आहेत ज्यांना अ जीवनसत्त्वाचा चमचाभर डोस वेळेवर मिळणं ही जगण्यामरण्याची बाब आहे. सरकारची ती योजना 1970 पासून आहे. नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर 1 लाख युनिट, दीड वर्षाच्या सुमारास 2 लाख, पुढे दर सहा महिन्यांनी, पाच वर्षांपर्यंत नऊ मात्रा. हा डोस फुकट असतो. त्याची जाहिरात कुठला नट करत नाही. तो पोचवायला आशाताई आणि अंगणवाडीताई उन्हात पाडापाडांवर फिरतात. ज्याला गरज नाही त्याच्या दारात तू गाडीने पोचतोस आणि ज्याला गरज आहे त्याच्या डोसाची चर्चासुद्धा तुझ्या गोंगाटात बुडते. हा तुझा सर्वांत मोठा गुन्हा.

आता मागण्या.

ताप आलेल्या घरात तुझ्या जागी थर्मामीटर आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर ठेवला जावा. ऑक्सिजन 94 च्या खाली उतरला की त्याच तासाला घर सोडायचं आहे, हे प्रत्येक घरातल्या थोरल्या माणसाला पाठ असावं.

आजारपणात काढलेला ड चा किंवा अ चा आकडा बघून कुणी औषध ठरवू नये. माणूस बरा होऊन काही आठवडे गेल्यावर, आणि कारण असेल तरच, तो तपासावा. तापात तपासायचाच असेल तर सीआरपी आणि ऑक्सिजन तपासा, कारण पुढचा निर्णय त्यांच्यावर ठरतो.

डॉक्टरांना विनंती आहे. चिठ्ठीवर रिकामी जागा दिसली की ती बूस्टरच्या नावाने भरायची सवय सोडा. रुग्णाला ‘तुम्हाला याची गरज नाही’ हे सांगायला दोन मिनिटं जास्त लागतात. ती द्या. आणि ज्याला खरी कमतरता आहे, ज्या म्हातारीची हाडं दुखतात, जी गरोदर बाई घराबाहेर पडत नाही, तिला नीट मात्रेत, नीट मुदतीत नक्की द्या.

पोषण आजाराच्या आधी लागतं, आणि ते खानदेशात महाग नाही. एका पेरूत दिवसभराचं क भागतं. शेवग्याचा पाला, अंबाडीची भाजी, गाजर, पपई यांतून अ मिळतं. कळण्याच्या भाकरीसोबत डाळ आणि दूध असेल तर प्रथिनं मिळतात, आणि दाहाच्या दिवसांत शरीर मोडतं ते याच प्रथिनांवर सावरतं. ऊन तर आम्हाला उणं नाही. सकाळी उशिरा थोडा वेळ हातपाय उघडे ठेवून अंगणात बसायला कुणी पैसे मागत नाही. यातलं काहीही करोनावरचा उपाय म्हणून मी सांगत नाही. माणसाने धडधाकट असावं, एवढ्यासाठीच सांगतो.

आणि शेवटची मागणी तुझ्याकडे. पाकिटावरची ढाल पुस. त्या जागी खरं लिही : गंभीर विषाणू-आजारात याचा उपयोग झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, धाप लागली तर ताबडतोब दवाखाना गाठा. इतकं लिहूनही तू खपलास, तर माझी तक्रार नाही. पण तुला माहीत आहे आणि मलाही, की हे वाक्य छापलं त्या दिवशी तुझा धंदा बसेल. म्हणून ते तू स्वतःहून छापणार नाहीस. ते छापून घेणं हे सरकारचं काम आहे, आणि सरकारला ते करायला लावणं आमचं. पुढच्या साथीच्या आधी आम्ही ते करून घेऊ.

देवपूरचा एक रहिवासी